मोजलेली घरे आणि भरलेली घरे

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी वाचावे म्हणून मोटारसायकलच्या सायलेन्सरविषयी लिहायला बसणे हे काहीसे धारिष्ट्याचे काम आहे, याची मला जाणीव आहे. परंतु पाठ, पाठभेद, दुरुस्ती आणि पुरावा या गोष्टींविषयी गेल्या दीड-दोन वर्षांत मला जे काही नव्याने उमजले, ते वर्गात उमजले नाही. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उमजले, आणि तिथल्या वस्तूंची नावे घेतल्यावाचून ते सांगता येईल असे वाटत नाही. तेव्हा वाचकांनी पेट्रोलचा थोडा वास सहन करावा.

माझ्याकडे दोन सिलिंडरची, ६५० सीसीची मोटारसायकल आहे. चाळिशी उलटल्यावर घेतलेली आहे, त्यामुळे सहकाऱ्यांसमोर तिच्याविषयी बोलताना संकोच वाटतो, असो. वर्षभर चालवल्यावर मी तिचे दोन्ही सायलेन्सर बदलले आणि हवेच्या डब्यातला कागदी फिल्टर काढून तिथे धुऊन पुन्हा वापरता येणारा कापडी फिल्टर बसवला. का बदलले, याचे प्रामाणिक उत्तर ‘आवाजासाठी’ एवढेच आहे. वजन कमी होते, इंजिनाला मोकळा श्वास मिळतो वगैरे कारणे मी नंतर गोळा केली. दुकानदाराने सामानाबरोबर एक छोटी डबी दिली. ती इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये जोडायची होती. “नवा सायलेन्सर लावला की पेट्रोलचं गणित बदलतं, सर. पण काळजी नको, यात मॅप भरलेलाच आहे, तुमच्याच मॉडेलचा. लावा आणि पळवा.” मी लावली आणि पळवली.

आवाज सुंदर होता, यात शंका नाही. पण उतारावर थ्रॉटल मिटला की मागे फटाके फुटत. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास, हलक्या हाताने गावातून जाताना, गाडी एखाद्या शब्दावर अडखळावी तशी अडखळे. गाडी उभी केल्यावर कच्च्या पेट्रोलचा वास येई आणि लिटरला सव्वीसचे ॲव्हरेज एकवीसवर आले. हे सारे मला पहिल्या आठवड्यातच कळले होते. कबूल करायला दोन महिने लागले, कारण पैसे मोजून आणलेल्या गोष्टीविरुद्धचा पुरावा आपण सहसा वाचत नाही.

नेमके काय बिघडले होते ते समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. आत जितकी हवा जाईल तिच्या हिशोबात पेट्रोल द्यायचे असते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण नेमके साधले की त्याला ‘लॅम्डा एक’ म्हणतात. पेट्रोल त्याहून कमी असेल तर मिश्रण पातळ, म्हणजे वर्कशॉपच्या बोलीत ‘लीन’. जास्त असेल तर ‘रिच’. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा मिश्रण थोडे रिच लागते, लॅम्डा ०.८७ ते ०.९ च्या आसपास. पूर्वी हे सारे कार्ब्युरेटरमधली दोन-तीन जेट आणि एक सुई मिळून सांभाळत. आता गाडीच्या छोट्या संगणकात, ज्याला सगळे ईसीयू म्हणतात त्यात, एक तक्ता असतो. उभ्या बाजूला फेऱ्या, आडव्या बाजूला थ्रॉटल किती उघडला आहे ते, आणि प्रत्येक घरात एक अंक. त्या अंकावरून इंजेक्टर किती वेळ उघडा राहणार ते ठरते. सहा हजार फेऱ्यांना इंजिनाचे एक पूर्ण चक्र वीस मिलिसेकंदांत संपते आणि इंजेक्टरला त्यातले काहीच मिलिसेकंद मिळतात. त्यात एक दशांश मिलिसेकंद इकडेतिकडे झाला तरी फरक जाणवतो. या तक्त्यालाच ‘मॅप’ म्हणतात. शब्दशः तो नकाशा. पण ज्याला नकाशा म्हणून काही दिसेल असे त्यात काही नसते, नुसती अंकांची घरे असतात.

आता सायलेन्सर बदलल्यावर या घरांचे काय होते? मीही समजत होतो की नवी नळी मोकळी, म्हणजे हवा सगळीकडेच थोडी जास्त, म्हणून पेट्रोलही सगळीकडे थोडे वाढवले की झाले. वस्तुस्थिती अशी नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून मागे धावते. नळी जिथे मोकळी होते तिथून ती उलटून परत येते, आणि परतताना दाबाची लाट ओढीची होऊन येते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात त्या वेळी ही ओढ पोचली, तर जळका वायू बाहेर खेचला जातो आणि ताजे मिश्रण जास्त आत येते. वेळ चुकली आणि त्या क्षणी दाब येऊन पोचला, तर उलटे घडते. लाटेचा वेग जवळजवळ तोच राहतो, पण फेऱ्या बदलल्या की ‘तो क्षण’ बदलतो. त्यामुळे नवा सायलेन्सर साडेपाच हजार फेऱ्यांना देतो तेच कदाचित साडेतीन हजारांना काढून घेतो. एका घरात सात टक्के पेट्रोल वाढवावे लागते, शेजारच्या घरात दोन टक्के कमी करावे लागते. आणि यात फिल्टर बदललेला असेल, तर त्याचा परिणाम वेगळ्या घरांवर, मुख्यतः थ्रॉटल बराच उघडल्यावर, होतो.

थोडक्यात, ‘तुमच्याच मॉडेलचा’ मॅप ही गोष्ट अस्तित्वातच नसते. असतो तो कुणीतरी कुठेतरी, अमुक सायलेन्सर आणि अमुक फिल्टर लावून, अमुक पेट्रोलवर मोजलेला मॅप. आणि बहुतेक वेळा तोही अर्धाच मोजलेला. तो उतरवून आपल्या गाडीत भरणे म्हणजे कादंबरी न वाचता गाईडमधले उत्तर लिहिणे होय. ते उत्तर चूक असेलच असे नाही. पण ते कुठल्या प्रश्नाचे उत्तर आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.

हे मी सहज उपमा सुचली म्हणून म्हणत नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या एक-सिलिंडरी गाडीचा मूळ प्रोग्रॅम पुसून त्या जागी परदेशातून मिळवलेला मॅप भरला होता. त्याची हवेची वाट मूळ नकाशाकाराच्या वाटेपेक्षा मोकळी होती. म्हणजे हवा जास्त आणि हिशोबाने पेट्रोल कमी. शिवाय त्या मॅपमध्ये ठिणगीची वेळही पुढे ओढलेली होती. मे महिन्याच्या दुपारी पुण्याच्या रस्त्याला, थ्रॉटल पूर्ण पिळून तो कराडच्या अलीकडे पोचला तोवर पिस्टनच्या कडेचा, रिंगा बसतात तिथला तुकडा उडाला होता. गाडी हळूहळू दम टाकत थांबली म्हणून तो धडधाकट राहिला. चाक जाम झाले असते तर मागच्या ट्रकने काय केले असते, ते मी त्याच्या आईसमोर बोललो नाही. त्याने मला विचारले, “सर, इतक्या लोकांनी तो मॅप वापरलाय, मग माझाच कसा चुकला?” या प्रश्नाने मला अस्वस्थ केले, कारण प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, उद्धृताचे मूळ विचारले की, मी हेच वाक्य अनेकदा ऐकले आहे.

त्यानंतर मी उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये गेलो. तिथे डायनो आहे, म्हणजे मागचे चाक एका जड रोलरवर ठेवून गाडी जागच्या जागी पळवायचे यंत्र. लॅपटॉपवर काम करणारा तरुण डिप्लोमा झालेला आहे. त्याचे वडील पूर्वी कार्ब्युरेटरचे नावाजलेले मिस्त्री. आता कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले असतात, आणि आल्यागेल्या सगळ्यांसाठी ते ‘मामा’ आहेत. मुलाने सायलेन्सरच्या नळीत एक रुंद पट्ट्याचा ऑक्सिजन सेन्सर बसवला, डबीतला विकतचा मॅप शून्यावर आणला आणि पहिली गोष्ट कुठली केली असेल तर गाडीची मूळ स्थिती तशीच्या तशी एका फाइलमध्ये जपून ठेवली. “याच्यावर हात लावायचा नाही, सर. कितीही घोळ झाला तरी इथं परत येता आलं पाहिजे.” ज्या दुकानातून मी डबी आणली तिथे हे कुणी केले नव्हते.

मग घर-घर मोजणे सुरू झाले. थ्रॉटल वीस टक्क्यांवर धरायचा, रोलरला ब्रेक देऊन फेऱ्या अडीच हजारांवर अडवायच्या, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे, लॅम्डा वाचायचा, घरातला अंक बदलायचा, पुन्हा वाचायचा. मग पुढचे घर. समोर मोठा पंखा लावलेला असूनही दर वीस मिनिटांनी इंजिन थंड होण्यासाठी थांबावे लागते. हे काम पाहायला आलेली पोरे अर्ध्या तासात कंटाळून निघून जातात. त्यांना शेवटची धाव पाहायची असते, जिच्यात गाडी किंचाळते आणि पडद्यावर अश्वशक्तीची रेघ चढत जाते.

त्या दिवशी खालच्या घरांत सेन्सर सतत लीन दाखवत होता. मुलगा पेट्रोल वाढवत गेला. चार टक्के, सहा, नऊ. फटाके थांबेनात. प्लग काढून पाहिला तर काळाकुट्ट. म्हणजे सेन्सर म्हणतो पेट्रोल कमी आहे आणि प्लग म्हणतो जास्त झाले आहे. मामा खुर्चीतूनच म्हणाले, “अरं, हवा भाईरनं शिरतीया. जॉइंट बघ की आदी.” मुलगा म्हणाला, “पण सेन्सर लीनच दाखवतोय, बाबा.” मामा उठले, ओले फडके घेतले आणि डाव्या सायलेन्सरच्या जोडावर दाबून धरले. पडद्यावरचा आकडा त्याच क्षणी बदलला.

या घटनेवर मी पुष्कळ विचार केला आहे. सेन्सर खोटे बोलत नव्हता. तो पेट्रोल मोजतच नाही. तो मागे उरलेला ऑक्सिजन मोजतो. जोडाच्या फटीतून, लाटेच्या ओढीबरोबर बाहेरची हवा नळीत शिरत होती. त्या हवेतला ऑक्सिजन त्याने प्रामाणिकपणे मोजला. त्यावरून ‘मिश्रण पातळ आहे’ हा अर्थ आम्ही काढला होता. याहून फसवा प्रकार असा की मिश्रण फारच रिच होऊन ठिणगी चुकली, तर न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर पुन्हा लीनच दाखवतो. त्यावर विसंबून आणखी पेट्रोल घालत जाणारा माणूस, हातात अचूक उपकरण असूनही, दर पावलागणिक सत्यापासून दूर जात असतो. पुरावा खरा आणि वाचन खोटे, अशी ही स्थिती. चरित्रात्मक समीक्षेत कवीची पत्रे वाचताना आपण हेच किती वेळा करतो, ते मी इथे सांगत बसत नाही. जोडाचे गॅस्केट बदलले, वाढवलेले सगळे टक्के काढून टाकले आणि खालची घरे पुन्हा पहिल्यापासून मोजली. पहिल्या दिवसाची सारी मेहनत वाया गेली.

मात्र इथे एक मोह आवरायला हवा. जुना मिस्त्री कानाने आणि फडक्याने जे जाणतो ते यंत्राला कळत नाही, असे म्हटले की आपल्या वाचकांना बरे वाटते. ग्रामीण साहित्याने आपल्याला ही सवय लावली आहे. दुसऱ्या दिवशी मामांनी वरच्या फेऱ्यांचा आवाज ऐकून “आता एकदम ब्येस” असे सांगितले, तेव्हा सेन्सरवर पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.९७ होता. इतक्या भाराखाली हे बरेच पातळ. कानाला ते खणखणीत वाटते, कारण पातळ मिश्रणाचा आवाज खरोखरच खणखणीत असतो, आणि माझ्या विद्यार्थ्याची गाडीही कराडच्या अलीकडे तशीच खणखणीत वाजत असणार. मामांनी आकडा पाहिला, मान हलवली आणि काही न बोलता चहा सांगितला. कार्ब्युरेटरच्या काळात तीन-चार जागीच हात घालता येई आणि प्रत्येक दुरुस्ती शेजारच्या भागावर सांडत असे. त्यामुळे कान पुरेसा होता, कारण त्याहून बारीक काही करणे शक्यच नव्हते. भारतात २००६ साली ग्लॅमर एफआय आणि २००७ साली पल्सर २२० इंजेक्शन घेऊन आली. त्यातली पल्सर २००९ मध्ये पुन्हा कार्ब्युरेटरवर गेली, यावरून त्या जुन्या व्यवस्थेचा चिवटपणा लक्षात यावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर तिचा काळ जवळजवळ संपला. त्याबद्दल हळहळण्यासारखे मला फारसे काही दिसत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या तक्त्यात फेऱ्यांच्या तीस ओळी आणि थ्रॉटलचे दहा रकाने, म्हणजे तीनशे घरे. दोन दिवसांत आम्ही प्रत्यक्ष मोजलेली घरे भरली एकशे बारा. उरलेल्यांचे काय? काही घरांत गाडी कधी जातच नाही. सात हजार फेऱ्या आणि थ्रॉटल दोन टक्के, अशी स्थिती उतारावर क्षणभर येते आणि जाते. काही घरे शेजारच्या मोजलेल्या घरांवरून सरासरीने भरली. काही मुलाने अनुभवाने भरली. हे सारे रास्तच आहे. दुसरा मार्ग नाही. पण काम संपल्यावर पडद्याकडे पाहिले तेव्हा तीनशेच्या तीनशे घरे सारखीच दिसत होती. तोच टाइप, तीच शाई. अर्धा तास घाम गाळून मिळवलेला ‘+५’ आणि बोट फिरवून भरलेला ‘+५’ यांत काही फरक उरला नव्हता. ही फाइल उद्या कुणी उतरवून घेतली, तर त्याला तीनशे मोजमापे मिळाली असे वाटेल. विकतच्या डबीतला माझा पहिला मॅप असाच कुठूनतरी आलेला असणार, आणि त्यातला अंदाज कुठे सुरू होतो ते दाखवणारी खूण वाटेत कुठेतरी गळालेली असणार. किंवा मुळातच नसणार.

मला त्या क्षणी भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण झाली. १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चिकित्सक आवृत्तीसाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. सांगायची खरी गोष्ट मात्र त्या पानांवरची एक नागमोडी रेघ आहे. जिथे हस्तलिखितांचा पुरावा निर्णायक नाही, तिथे सुखटणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ तर स्वीकारला, पण त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढली. श्लोक पूर्ण हवा, म्हणून जागा रिकामी सोडता येत नाही. पण वाचकाला फसवायचेही नाही. माझ्या मते पाठचिकित्सेतली सगळी विद्वत्ता एका बाजूला आणि ती रेघ एका बाजूला. मी त्या मुलाला हे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे, सर, आपण कुठं अंदाज केला ते गिऱ्हाइकाला दाखवायचं? मग पैसे कोण देणार?” या आक्षेपाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते.

कारण गिऱ्हाइकाला हवा असतो तो शेवटचा आलेख. त्याविषयीही दोन शब्द. डायनोवर त्या दिवशीची हवा, तापमान आणि दाब लक्षात घेऊन आकडा ‘दुरुस्त’ केला जातो, आणि या दुरुस्तीच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. जुनी पद्धत नव्या पद्धतीपेक्षा सुमारे चार टक्के जास्त अश्वशक्ती दाखवते. मेनूमधला एक पर्याय बदलला की पन्नासचे बावन्न होतात. गाडीला कुणी हातही लावलेला नसतो. ‘आधी’चा आलेख एका पद्धतीने आणि ‘नंतर’चा दुसऱ्या पद्धतीने काढलेला मी स्वतः पाहिला आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या मजकुराइतकाच त्यावर विश्वास ठेवावा.

आणखी एक गोष्ट आम्ही केली नाही, आणि तिच्यावरून माझे तिथल्या पोरांशी मतभेद झाले. हलक्या, स्थिर थ्रॉटलवर गाडीचा स्वतःचा ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला सतत लॅम्डा एककडे ओढत असतो. त्या पट्ट्यात तुम्ही हौसेने घातलेले पेट्रोल तो निमूटपणे काढून टाकतो. लेखकाने हेतुपुरस्सर योजलेला शब्द नियमाप्रमाणे परत सुधारणाऱ्या मुद्रितशोधकासारखा. पुष्कळजण यावर उपाय म्हणून तो सेन्सर काढतात किंवा त्याच्या जागी खोटा संकेत देणारा तुकडा लावतात. ‘कंपन्या सरकारच्या भीतीने गाडी लीन ठेवतात’ हे त्यांचे पालुपद असते. त्यात अर्धेच सत्य आहे. त्या पट्ट्यात मिश्रण लॅम्डा एकच्या किंचित वरखाली झुलवले जाते, कारण एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच अरुंद फटीत कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींवर एकाच वेळी काम करू शकतो. मी कन्व्हर्टर असलेल्या मूळ नळ्या ठेवून फक्त मागचे सायलेन्सर बदलले होते, म्हणून सेन्सरला हात लावायचा नाही असे ठरवले. ज्या भागात मुद्रितशोधक जागा आहे, तिथे त्याचेच चालू द्यावे.

अर्थात, एवढ्याने माझी बाजू स्वच्छ होते असे नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला निर्मितीच्या वेळी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. माझ्या नव्या सायलेन्सरचा आतला बॅफल काढला तर तो ही मर्यादा कुठल्या कुठे ओलांडेल, आणि पहिले दोन महिने तो काढलेलाच होता. पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात तेव्हा मी आता ती तटस्थपणे पाहू शकत नाही. आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध बाईंनी मला एकदाच, अतिशय सौम्यपणे, “सर, तुम्ही रात्री उशिरा येता का हो हल्ली?” असे विचारले होते. त्या रात्री मी बॅफल परत बसवला. बॅफल बसवला की लाटा बदलतात, हे सांगायला नकोच; मधल्या फेऱ्यांची काही घरे पुन्हा मोजावी लागली.

मोजून झालेले तरी कायम टिकते का? खालचे पेट्रोलच बदलत असते. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग हवा पुरते. दहा टक्क्यांच्या पेट्रोलवर मोजलेले घर वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर जवळजवळ चार टक्के पातळ होते, एकही अंक न बदलता. यात भाषांतराचाही एक सापळा आहे. सेन्सरला समजतो तो लॅम्डा. पडद्यावर दिसणारा ‘१४.७’ हा उपकरणाने लॅम्डाला १४.७ ने गुणून आपल्या सोयीसाठी केलेला अनुवाद असतो. पेट्रोल बदलले तरी अनुवादक जुन्याच कोशावरून काम करत राहतो. आपण पडद्यावर १४.७ वाचतो आणि नळीत प्रत्यक्षात १३.५ असते. म्हणून तो मुलगा आता हवा-पेट्रोलचा आकडा पडद्यावरून काढून टाकून फक्त लॅम्डा ठेवतो. जुन्या गिऱ्हाइकांना ते आवडत नाही.

पावसाळ्यानंतर मी आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलो. लॅपटॉप मागच्या बॅगेत होता, नोंद करत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून वर आहे. खाली कोकणात हवा पाचेक टक्के दाट. ईसीयूला हवेचा दाब कळतो, तो आपल्यापुरती दुरुस्ती करतो. पण डायनोवर न मोजता आलेली काही घरे त्या उतारावर आणि परतीच्या चढावर पहिल्यांदा प्रत्यक्ष लागली. त्यांतली नऊ आम्ही भरलेल्या अंकांशी जुळली. पाच जुळली नाहीत. एक घर तर अकरा टक्क्यांनी चुकलेले निघाले, आणि ते मामांनी भरलेले नव्हते, माझ्या आग्रहाने भरले गेले होते.

परवा त्या नोंदी द्यायला शेडमध्ये गेलो. मुलाने माझा तक्ता एक्सेलमध्ये उतरवून छापला होता, एका गिऱ्हाइकाला द्यायचा तक्ताही शेजारी होता. म्हणाला, “सर, ती तुमची नागमोडी रेघ आकड्याच्या खाली कशी काढायची?” आम्ही दोघांनी बराच वेळ खटपट केली, घरभर सगळ्या अंकांखाली येई, नाहीतर कुठेच येत नसे. शेवटी त्याने न मोजलेल्या घरांना पिवळा रंग दिला. गिऱ्हाइकाच्या तक्त्यात पिवळी घरे पांढऱ्यांपेक्षा जास्त होती. तो थोडा वेळ त्याकडे पाहत राहिला, मग त्याने गाडी पुन्हा रोलरवर चढवायला सांगितली.